सड्यावरची सोनकी

प्रिय बाळ्या,

दोन वर्षं पत्र नाही, आणि का नाही ते तुला ठाऊक आहे. तब्येत बरी, आईही बरी. काल गौरी गेल्या, आज पहाटे एकटाच सड्यावर, आपल्या कातळाच्या पठारावर, जाऊन आलो.

सोनकीची फुलं गेली रे. कड्याच्या धारेला, जिथं कातळावर बोटभर माती आहे, तिथं पिवळी रांग आहे तेवढीच. टाक्यापासून म्हसोबापर्यंतच्या पट्ट्यात भाद्रपदात पाय ठेवायला जागा नसायची, तिथं कमरेएवढं गवत. बाजूला सारून पाहिलं. बुडाशी दोनतीन फिकट रोपं, कळीसुद्धा नाही.

२०१२ साली कासचं पठार जागतिक वारशात आलं, तिथं कुंपण पडलं, आणि आपलाही सडा असाच राखायचा असं मी मनात घेतलं. ग्रामसभेत चराई बंद करायला मीच उभा राहिलो. तू म्हणालास, "गुरं गवत खुडतात म्हणून सोनकीला ऊन मिळतं." त्यावर मी सगळ्यांदेखत म्हणालो, मुंबईकरानं आम्हाला सडा शिकवू नये. ते शब्द मागे घेतो. पुढे कासचंही कुंपण काढलं, तेव्हाच लिहायला हवं होतं.

नववीत तू टाचणीनं सोनकी सोडवायला बसला होतास, आठवतं? हे एक फूल नव्हेच, कडेची प्रत्येक पाकळी एक फूल आणि मधल्या टिकलीत नळीसारखी बारकी फुलंच फुलं. मोजताना दर वेळी तिसाच्या आसपास चुकायचास आणि पुन्हा एकपासून! मागे मास्तर कधीचे उभे होते, तेही तुझ्याबरोबर मनात मोजत होते.

त्या प्रत्येक बारक्या फुलाचं एक बी, त्याला म्हातारीसारखे पांढरे केस. धारेवरची सोनकी अजून बी धरायची आहे. वारा ते पट्ट्यात आणेलही, पण गवतात पडून काय उपयोग? तात्यांची सात गुरं उरलीत, बाकी दावणी रिकाम्या. सात गुरांना तो पट्टा पुरा होईल? की आधी विळ्यानं कापून काढू? कापायचं तर बी पडायच्या आधी की नंतर? हे मला इथं दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही.

वास्तुशांतीला आलो नाही, राग धरू नकोस. लेक बारावीला ना? तिला आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

दसऱ्याच्या आत ये. तात्यांना अजून काही बोललो नाही, तू आल्यावर दोघं मिळून जाऊ.

तुझा,
पांडू