गोदीच्या पट्ट्याचा नकाशा आपणच काढायचाय, हातभार लावा

नमस्कार मंडळी,

शिवडी, हाजी बंदर, रे रोड, दारूखाना, कौला बंदर, माझगाव इकडे राहणाऱ्या आणि इथून उठून डोंबिवली-विरारला गेलेल्या सगळ्यांसाठी लिहितोय. जरा लांबलंय, पण पूर्ण वाचा.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या जमिनीचं काहीतरी होणार हे आपण किती वर्षं ऐकतोय. १९८९ ला खाडीपलीकडचं न्हावाशेवा बंदर सुरू झालं तसा कंटेनरचा धंदा हळूहळू पलीकडे गेला, इथली गोदामं रिकामी पडत गेली, मग २०१४ ला या जमिनीचं काय करायचं ते सुचवायला राणी जाधव समिती नेमली, २०१८ ला पोर्ट ट्रस्टलाच या सुमारे ९६६ हेक्टरसाठी विशेष नियोजन प्राधिकरण केलं, म्हणजे इथला आराखडा त्यांनीच करायचा, आणि त्याच वर्षाअखेर आराखड्याचा मसुदाही आला. आम्ही याच्या विरोधात नाही आहोत हे आधीच सांगतो, नाहीतर उगाच गैरसमज होतो. पी. डिमेलो रोडवरून जन्मभर जा-ये केली तरी भिंतीपलीकडचं पाणी दिसत नाही, मग किनारा मोकळा होणार असेल तर कोणाला नकोय? प्रश्न एवढाच की त्या नकाशात आपण कुठे आहोत.

गिरण्यांचं काय झालं ते लालबाग-परळवाल्यांना सांगायला नको. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते, एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ ला नियम बदलला आणि फक्त रिकाम्या जमिनीचेच वाटे करायचे ठरलं, म्हणजे हातात आलं चिमूटभर. २००६ ला सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. आपल्याकडे तर जमीन केंद्र सरकारची, त्यामुळे राज्याची झोपडपट्टी पुनर्वसन योजना (एसआरए) इथे सरळ लागू होत नाही, हे अजून बऱ्याच जणांना माहीतच नाही.

लंडनच्या रॉयल डॉक्स या जुन्या गोदीतल्या लोकांनी १९८३ ला स्वतःचा पीपल्स प्लॅन, म्हणजे लोकांचा आराखडा, काढला होता. घरं, कामं, पाळणाघरं सगळं त्यात होतं. त्यांना नको असलेला विमानतळ १९८७ ला झालाच, हेही खरंय. पण बोलायला बसले तेव्हा हातात कागद होता ना! आपल्याकडे काय आहे? ट्रंकेतल्या भाडेपावत्या.

आणि त्या कशा अवस्थेत आहेत बघा, परवा एका काकूंनी सासऱ्यांचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला, गोण्या उचलायचा हूक आणि पावत्यांचं पुडकं आणून दिलं, पावती उघडली की घडीवर दोन तुकडे. (लॅमिनेशन करू नका प्लीज, जुनी शाई उडते आणि नंतर कागद सोडवता येत नाही.)

तर काम असं आहे. घराघरात जाऊन कागद स्कॅन करायचे, कोण कधीपासून राहतंय, कुठलं दुकान, कुठली भंगाराची वखार, कुठे मासळी सुकवतात हे नकाशावर मांडायचं आणि एका नगररचनाकाराकडून नीट आराखडा करून घ्यायचा. त्यांनी फी कमी केलीय, पण फुकट कोण करणार आणि का करावं. शिवाय स्कॅनर, झेरॉक्स, पोरांचा चहा-वडापाव.

शंभर द्या, हजार द्या, पावती मिळेल आणि दर महिन्याचा हिशोब मंडळाच्या फळ्यावर लागेल. पैसे जमत नसतील तर रविवार द्या. लॉ किंवा आर्किटेक्चर शिकणारी मुलं हवीयत, जुनी इंग्रजी लीज वाचू शकणारं कोणी हवंय, आणि रिटायर्ड गोदी कामगार तर हवेच हवेत, कारण कुठल्या शेडमध्ये काय उतरायचं ते आता त्यांनाच माहितीये. १९४४ चा गोदीतला स्फोट पाहिलेलं कोणी घरात असेल तर लगेच कळवा, आम्ही रेकॉर्डिंगला घरी येतो.

मंडळाचं ऑफिस रोज संध्याकाळी सात ते नऊ उघडं असतं. कागद आणताना झेरॉक्स नको, ओरिजिनल आणा, तिथल्या तिथे तुमच्यासमोर स्कॅन करून परत देतो.