तो राजीनामा मी का दिला नाही

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "काढून टाकण्याआधी आपणच राजीनामा द्यावा, मान राहतो." मी काहीच बोलले नाही, ते तुम्हाला लागलं असेल. बोलले असते तर रडू आलं असतं, म्हणून लिहिते आहे.

त्या दिवशी एचआरच्या बाईंनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एकात कर्मचारी कमी करत असल्यामुळे माझी जागा रद्द झाल्याचं लिहिलं होतं. दुसरा माझ्या नावानं टाइप केलेला राजीनामा, फक्त सही बाकी. "राजीनामा दिलात तर पुढच्या नोकरीसाठी बरं दिसेल," असं त्या समजुतीनं म्हणाल्या. मी पेन हातात घेतलंही होतं. मग फीचा करार आठवला आणि एक रात्र मागून घेतली.

कंपनी माझ्या शिक्षणाची फी भरते याचा तुम्हाला केवढा आनंद झाला होता! त्या वेळी मी सही केलेल्या करारात असं आहे: कर्मचाऱ्यानं स्वतःहून नोकरी सोडली किंवा गैरवर्तनामुळे त्याला काढलं, तर फी परत करायची. प्रत्येक वर्षाची फी भरल्यापासून 24 महिने मोजायचे आणि जेवढे महिने नोकरी झाली तेवढा भाग माफ. पहिल्या वर्षाच्या फीला 27 महिने झाले, ती फिटली. दुसऱ्या वर्षाच्या फीला 15 झाले, 9 उरले. म्हणजे राजीनाम्यावर सही केली असती तर त्या फीचे 24 पैकी 9 भाग माझ्या अंगावर आले असते. जागाच रद्द झाली तर पैसे परत द्यायचे, असं त्यात कुठेही नाही. मी चार वेळा वाचलं.

कुठलाही कागद घेतला तरी नोकरी त्याच तारखेला जाणार होती, बाबा. सही केली असती तर वर कर्जही झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी पहिला कागद घेतला, जागा रद्द झाल्याचं कारण त्यात स्पष्ट आहे ना ते पाहिलं आणि राजीनामा परत केला.

तरीही शेवटच्या हिशेबात त्यांनी दुसऱ्या वर्षाची सगळी फी कापली. उरलेल्या 9 महिन्यांचीसुद्धा नाही, सगळी! आई, मी दोन दिवस फोन उचलला नाही ना, ते हेच. मग कराराचं कलम, फी भरल्याच्या तारखा आणि जागा रद्द झाल्याचं पत्र जोडून मेल केला. आठ दिवसांनी उत्तर आलं की कपात चुकून झाली, सुधारित हिशेब देतो. पैसे अजून आलेले नाहीत, पण लेखी कबुली माझ्याकडे आहे.

एका गोष्टीत मात्र मी हरले. या वर्षीची फी मी आधी भरली होती, ती निकालानंतर मिळायची होती. पण ती मिळण्याच्या दिवशी नोकरीत असलं पाहिजे, असंही करारात आहे. त्यावर मी भांडणार नाही, ते मी वाचून मान्य केलं होतं. माझ्या शिल्लकीतून ते भागलं आहे. दोन पेपर राहिलेत, ते देणार आहे.

माझ्या एका सहकाऱ्यानं दुसरीकडे जाण्यासाठी राजीनामा दिला. त्यानं परत करायची फी नव्या कंपनीनं भरली, पण वर्षभर नोकरी सोडायची नाही या अटीवर. त्याला ते परवडलं. मला तर दुसरी नोकरी अजून शोधायची आहे.

बाबा, तुम्ही कुणाची पै बाकी ठेवली नाहीत, हे बघतच मी मोठी झाले. देणं असतं तर मीही हप्ते मागून घेऊन फेडलं असतं. पण हे देणं नाही. कुणी मागितलं म्हणून ते देणं होत नाही, आणि त्यासाठी तुमची ठेव मोडणं मला अजिबात सहन होणार नाही. फॉर्म आणून ठेवला असेल तर फाडून टाका. आई, त्यांना बँकेत जाऊ देऊ नकोस.

तुमची,
लेक