खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : मासे नंतर, गाळणयंत्रणा आधी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय अलीकडे शहरांतल्या बऱ्याच घरांत दिसू लागले आहे. मात्र अनेक दुकानांत टँक, क्लाऊनफिशची जोडी आणि गोड्या पाण्यासाठी बनवलेला साधा टॉप फिल्टर एकाच दिवशी एकाच बिलात दिला जातो, आणि काही दिवसांत मासे दगावले की ‘समुद्रातले मासे नाजूकच असतात’ अशी ग्राहकाची समजूत घातली जाते. दोष बहुतेक वेळा माशांचा नसतो, गाळणयंत्रणेच्या निवडीचा असतो, म्हणून हे पत्र.

माशांच्या कल्ल्यांतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया सतत उतरत असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो आणि अशा पाण्यात अमोनियाचा विषारी अंश ७ सामूच्या पाण्यातल्यापेक्षा साधारण दहापट असतो. त्यामुळे गोल्डफिशच्या टँकमध्ये खपून जाणारी हयगय इथे माशांच्या जीवावर बेतते. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू हीच खरी गाळणयंत्रणा आहे. फिल्टर हे केवळ त्यांचे बिऱ्हाड. ते नीट मांडले जायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात आणि चाचणी संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्याखेरीज त्या पाण्यात मासा सोडणे हा त्या जिवावर अन्यायच आहे.

या जिवाणूंना राहायला सच्छिद्र दगड लागतो. परदेशी व्हिडिओ पाहून अनेक जण त्यासाठी ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे असे जिवाणू आधीच वसलेला दगड, शोधतात. समुद्रातून उचललेला असा दगड बहुधा प्रवाळाचा सांगाडा असतो, आणि खडक बांधणारे प्रवाळ आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी-हाजी अली भागातल्या प्रवाळ वसाहती हलवतानाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली होती. तेव्हा कोणी ‘समुद्रातून आणलेला माल आहे’ असे कौतुकाने सांगत असेल, तर तो घेऊ नये. सिरॅमिकचा कृत्रिम दगड तेच काम करतो; जिवाणू वसायला थोडा अधिक वेळ लागतो, एवढेच.

दुसरी गरज प्रोटीन स्किमरची, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या उपकरणाची. खाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे अगदी बारीक राहतात आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ त्यांना चिकटून फेसाबरोबर वर चढतात. स्किमर नीट बसला असेल, तर त्याच्या मानेत दाट पांढरा फेस सावकाश चढताना दिसतो आणि वरच्या कपात कडक चहाच्या रंगाचे, उग्र वासाचे पाणी साचते. ही घाण कुजून तिचा अमोनिया होण्याआधीच बाहेर पडते, हा स्किमरचा मोठा गुण. तरीही साठणारे नायट्रेट कमी करायला ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलावेच लागते.

हे सारे बसवायचे कुठे, तर शक्य असल्यास टँकखाली ठेवलेल्या सम्पमध्ये, म्हणजे वरच्या टँकचे पाणी जिच्यात उतरते आणि पंपाने परत वर जाते त्या उघड्या टाकीत. बंद कॅनिस्टर फिल्टर नेटका दिसतो, पण वेळेवर धुतला नाही तर आत अडकलेला गाळ कुजून नायट्रेट वाढवत राहतो. शिवाय आपल्याकडे वीज तासन् तास जाते, तेव्हा त्या बंद डब्यातला प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात आणि वीज आल्यावर ते दूषित पाणी थेट माशांवर येते. सम्प उघडा असल्याने तिथे हा धोका बराच कमी. बॅटरीवर चालणारा एअर पंप मात्र दोन्ही ठिकाणी हवाच. उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. ती घट सम्पमध्ये लगेच दिसते आणि आरओचे गोडे पाणी घालून भरून काढता येते. सम्प घेणाऱ्याने एक चाचणी दुकानदारासमोरच करावी. मुख्य बटण बंद करून वरच्या टँकमधून किती पाणी खाली येते ते पाहावे. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल, तर पहिल्याच भारनियमनात घरभर खारे पाणी पसरेल.

स्किमर आणि सम्प यांमुळे खर्च वाढतो, हे खरे आहे. तो झेपत नसेल, तर गोड्या पाण्यातले मासे पाळावेत. त्यांतही देखण्या जाती पुष्कळ आहेत. दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी खाऱ्या पाण्याचा टँक आणि मासे एकाच दिवशी विकू नयेत. ग्राहक पाण्याचा नमुना घेऊन परत आला आणि तो चाचणीत उतरला, तरच मासे द्यावेत.

आपला,
एक वाचक, ठाणे