समुद्र बंद, पण हात चालू ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत मलेशियातल्या बेटांवरचा लेख वाचला. फोटो झकास. पण दिवाळीच्या सुट्टीत रेडांग आणि पेरहेन्तियानला जा, असा त्यात सल्ला दिलाय, तो कृपया कुणी मनावर घेऊ नये. ही बेटं मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर, दक्षिण चीन समुद्रात आहेत. तिथला पावसाळा ईशान्येच्या वाऱ्यांचा. नोव्हेंबर लागला की समुद्र खवळतो, बोटी थांबतात आणि बहुतेक रिसॉर्टं कुलूप लावून बसतात, ते थेट फेब्रुवारीपर्यंत. लांगकावीचं तसं नाही. ते पश्चिमेला आहे आणि बारा महिने चालू असतं. डिसेंबर ते मार्च तिथे हवा सगळ्यात चांगली. म्हणजे नाताळात जायचं तर लांगकावी आणि मे महिन्याच्या सुट्टीत जायचं तर रेडांग, पेरहेन्तियान. 1 डिसेंबर 2023 पासून मलेशियाने भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसा माफ केल्यापासून आमच्या ओळखीतलेसुद्धा कितीतरी जण तिकडे जाऊन येतात. पैसे भरून बंद जेटी बघायची पाळी कुणावर येऊ नये, म्हणून हे आधी लिहिलं.

आता मुख्य विषय, पावसाळ्यातलं आमचं पर्यटन आणि इथलं हातकाम. देवबागला खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमचं घर आहे. त्यातल्या काही खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. मे संपत आला की जलक्रीडा बंद होतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात आणि ऑगस्ट संपेपर्यंत आमच्या दाराशी गाडी थांबत नाही. पाऊस बघायला येणारे आंबोलीला धबधब्याखाली भिजतात आणि परस्पर गोव्याला निघून जातात. गणपतीला चाकरमानी येतात, पण ते आपापल्या घरी उतरतात. हा सगळा काळ आम्ही गादीच्या खोळी धुवायचा आणि पत्र्याची गळती काढायचा म्हणूनच धरून चालतो. दर वर्षीचंच आहे, त्याचं कौतुक नाही.

मुलगी नोकरीनिमित्त क्वालालंपूरला असते. तिला रजा मिळाली डिसेंबरात, म्हणून आम्ही नवराबायको गेलो ते नेमके पूर्व किनाऱ्यावर पावसात. तेरेंगानू या पूर्वेकडच्या राज्यात बेटावर जायचा प्रश्नच नव्हता. पण क्वाला तेरेंगानूला उतरल्यावर ध्यानात आलं की समुद्र बंद म्हणून शहर काही बंद नव्हतं. जेटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर पासार पायांग हा मोठा बाजार आहे. बाटिक आणि सोंगकेट ही तिकडची कापडं घेण्यासाठी लोक मुद्दाम तिथे येतात. आसपासच्या गावांत विणणाऱ्या बायका घरच्या मागावर बसलेल्या असतात आणि आपण दारात उभं राहून बघितलं तर त्यांना काही वाटत नाही.

सोंगकेट म्हणजे रेशमी किंवा सुती कापड, त्यात आडव्या धाग्याबरोबर जरीचा आणखी एक धागा घालून उठवलेली नक्षी. पूर्वी हे राजघराण्यांचं आणि दरबारी मंडळींचं कापड. 2021 मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या सोंगकेटला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मी ज्या बाईंच्या मागापाशी बसले, त्या बारीक काड्यांनी ताण्याचे धागे मोजून उचलत होत्या, मधून जरीचा धागा सरकवायच्या आणि फणी खटकन ओढायच्या. अर्ध्या तासात जेमतेम बोटाच्या पेराएवढं कापड पुढे सरकलं. काठावर एकाला एक लागून टोकदार त्रिकोणांची रांग होती. हे काय, म्हणून विचारलं तर मुलीने समजून घेऊन सांगितलं, बांबूचे कोंब! पावसाळ्यात आपण भाजीला आणतो तेच. आपल्या परड्यातला कोंब कुणी जरीत विणेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

बाटिकबद्दल घेणाऱ्यांसाठी दोन शब्द सांगते, कारण फसवणूक तिथेही आहे. खऱ्या बाटिकमध्ये नक्षीच्या रेघा गरम मेणाने काढतात, एकतर तोटीच्या बारीक कलमाने हाताने किंवा धातूच्या ठशाने. मेणाच्या बांधात रंग भरतात, तो पक्का करतात आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकतात. मेण आरपार जात असल्यामुळे कापडाच्या दोन्ही बाजूंना रंग सारखाच दिसतो. उलटी बाजू फिकट असेल तर ते यंत्रावर छापलेलं समजावं. ठशाच्या कामात एखाद्या जोडाला रेघ केसभर हुकलेली दिसते. ती दिसली तर भाव करू नका, खुशाल घ्या.

पण मी थांबले ती चटईपाशी. मेंगकुआंग नावाची झाडं तिकडे दलदलीत, ओढ्याकाठी वाढतात. ती आपल्या केवड्याच्याच कुळातली. तशीच लांब पानं, कडेला तसेच काटे. काटे सोलून टाकतात, पान विस्तवावरून फिरवून मऊ करतात, दात्यांच्या हत्याराने त्याच्या एकसारख्या पट्ट्या काढतात, मग त्या पाण्यात भिजवायच्या, उन्हात पांढऱ्या करायच्या आणि रंगाच्या पाण्यात उकळायच्या. एवढं झाल्यावर विणायला बसायचं. चटया, टोपल्या, जेवणावर झाकायची झाकणं, पिशव्या, सगळं त्यातून होतं. त्यांच्या सध्याच्या दहा सेनच्या नाण्यावर याच विणीची नक्षी आहे. त्याआधीच्या नाण्यांवर तर पानसुपारीचा डबा, भोवरा, खळ्यांच्या खेळाचा पाट, वाऊ नावाचा पतंग, असं सगळं घरातलंच होतं. सरकारी कर्मचाऱ्यांनी गुरुवारी बाटिक घालायचं, असाही तिथे प्रघात आहे. आमच्याकडे तालुक्याच्या कार्यक्रमात पाहुण्याला अजून काचेचं स्मृतिचिन्ह देतात. सावंतवाडी हाकेच्या अंतरावर असताना ते कुठून मागवतात, देव जाणे.

आता आमच्याकडचं सांगते. पाहुणे निघताना हमखास विचारतात, "काकू, इथली खास वस्तू काय न्यायची?" खाण्याचं मी पटापट सांगते. कोकम, मसाला, खाजं, काजू. वस्तू म्हटली की पंचाईत. मग ते बंदरावर जातात आणि शंखशिंपल्यांची तोरणं, वर गावाचं नाव रंगवलेले डबे घेऊन येतात. मी एका दुकानदाराला सहज विचारलं, हे कुठलं? तर म्हणाला, माल बाहेरून येतो, नाव आम्ही इथे घालतो. प्रामाणिक माणूस! त्याचा राग नाही. त्याला जे मिळतं ते तो विकतो.

पण सावंतवाडीची लाकडी खेळणी काही परदेशात होत नाहीत. चितारआळीत ती डोळ्यांसमोर बनतात. चरकावर लाकूड गरगर फिरत असतं, कारागीर त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतो, घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडावर चढते आणि मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. तोच केवडा, ज्याच्या कुळातल्या झाडाच्या चटया तिकडे विणतात. आपल्याकडे हे काम बघायला किती पर्यटक जातात? राजवाड्यात गंजिफाचे, म्हणजे जुन्या खेळाच्या पत्त्यांचे, कलाकार बसून पानं रंगवतात. दशावतारी गंजिफाच्या एका संचात 120 पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. ही कला मरणाच्या दारात होती, ती सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उभी केली. त्या दरबारात पावसाळ्यात माशी हलत नाही. तिथे तर छप्पर आहे आणि पावसाचा काडीचा त्रास नाही.

आणि पिंगुळी! कुडाळच्या जवळ, महामार्गालगत. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवून सांगायची गोष्ट, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा चार दिवस सगळ्यांनी स्टेटस ठेवले. गुरांच्या गोठ्यात उभं केलेलं त्यांचं संग्रहालय मात्र निम्म्या मालवणाने पाहिलेलं नसेल. हे आठवलं ते तेरेंगानूच्या शेजारच्या केलांतान राज्यात. तिथे कोता भारू शहरात वायांग कुलितच्या, म्हणजे सावल्यांच्या खेळाच्या, बाहुल्या बघितल्या. कातडं कोरून, रंगवून केलेल्या, मागे दिवा, पुढे पडदा, आणि गोष्ट कुठली, तर रामायणाची. रामाला ते सेरी रामा म्हणतात. आमचे हे जागेवरच उभे राहिले आणि म्हणाले, "अगो, ह्यां आपल्या पिंगुळीचांच वाटता!" माणसं मुसलमान, देश दुसरा, समुद्र दुसरा आणि कातड्यात कोरलेला राम तोच.

तिकडे सगळं आलबेल आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. केलांतानातच 1990 नंतरच्या राज्य सरकारने धर्माला धरून नाही म्हणून वायांग कुलितवर निर्बंध आणले होते आणि कलाकारांना वर्षानुवर्षं त्याचा जाच झाला. क्वाला तेरेंगानूला नदीच्या मुखाशी असलेल्या दुयोंग बेटावर चेंगाल लाकडाच्या मोठ्या होड्या कागदावर एक रेघ न ओढता बांधतात. आधी फळ्यांना फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडून बाहेरचं अंग उभं करायचं आणि आतल्या फासळ्या मागून बसवायच्या. आपल्याला हे उलटंच वाटतं. पण ते करणारे आता मोजकेच उरलेत. पोरांना फायबरच्या बोटी आणि शहरातली नोकरी बरी वाटते. हे दुखणं आम्हाला नवं नाही.

तेव्हा कोकणचा मलेशिया करा, अशी मागणी मी करत नाही. कॅलिफोर्निया करायला निघाले होते तेवढं पुरे झालं. माझं म्हणणं एवढंच की समुद्र बंद असतानाच्या महिन्यांत पर्यटन बंद, हे आपणच ठरवून टाकलंय. जून ते ऑगस्ट सावंतवाडी, कुडाळ आणि पिंगुळी हीच आपली बेटं. एका दिवसात गाडीने होतात, बोट लागत नाही आणि पाऊस आडवा येत नाही. कारागिरालाही पर्यटकांच्या हंगामात विक्रीची धावपळ असते. पावसात तो निवांत बसून काम दाखवू शकतो, पोरांच्या हातात कांडी देऊ शकतो. मात्र काम दाखवायचे त्याला पैसे मिळायला हवेत. किल्ल्यावर जायला होडीचं तिकीट काढतो, मग चरकापाशी तासभर बसायला का नाही? फुकट बघायचं, दहा फोटो काढायचे आणि "ऑनलाइन स्वस्त मिळतं" म्हणून उठायचं, असे पाहुणे मी रोज बघते.

यात माझा स्वार्थ आहेच, तो लपवत नाही. माझ्या खोल्या भरतील. पण मलेशियात 1995 पासून सरकारी होमस्टे योजना आहे. तिथे पाहुणा गावात राहतो, गावचं जेवतो आणि गावचं हातकाम बघतो, अशी तिची मांडणी आहे. आमच्याकडे न्याहारी-निवासाची नोंदणी करताना संडास, पंखे आणि गादीची उंची तपासून गेले. पाहुण्याला गावात काय दाखवणार, हे कुणी विचारलं नाही.

जिल्हा प्रशासनाने आणि पर्यटन खात्याने फार काही करायला नको. महोत्सव नको, मांडव नको, पाहुणे बोलावून दीपप्रज्वलन तर नकोच. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणाकडे काम चालू असेल आणि बघायचे पैसे किती, एवढं कारागिरांना विचारून एक साधं वेळापत्रक छापावं. ते कुडाळ आणि सावंतवाडी स्टेशनवर, चिपी विमानतळावर आणि मालवणच्या जेटीवर जिथे "होडी सेवा बंद" ची पाटी लागते तिच्याशेजारी लावावं. बंदरावरच्या दुकानांत वस्तू कुठल्या गावची, हे चिठ्ठीवर लिहिणं सक्तीचं करावं. बाहेरचा माल खुशाल विका, पण त्यावर मालवणचं नाव नको.

वेळापत्रक यंदाच्या मेच्या आत निघालं तर आमच्या आळीतल्या सगळ्या न्याहारी-निवासांत ते लावायचं काम माझ्याकडे. छपाईला पैसे नसतील तर तसं कळवावं, आम्ही वर्गणी काढू.

आपली,
एक न्याहारी-निवासचालक,
देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग