बंदुका खाली ठेवल्या, आता बांधी बाईच्या नावावर करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपतीने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली तेव्हापासून आमच्या जिल्ह्याबद्दल पेपरात सारखं काहीतरी येतंय, खाण, स्टील, रस्ते, आणि ते यावंच, पोरांना काम पाहिजे. पण मी १८ वर्षं कोरची-धानोरा भागात बचत गटांसोबत फिरते, मला जे वाचायचंय ते अजून कुठे दिसलं नाही. इतकी वर्षं नक्षल आणि पोलिसांच्या या भांडणात घरातली चूल बायांनीच पेटती ठेवली, आणि ज्या बांधीच्या, म्हणजे भातशेताच्या, धानावर ती पेटते ती बांधी कोणाच्या नावावर आहे, हे कोणी विचारतच नाही.

लोकांना वाटतं नक्षल म्हणजे फक्त चकमक. आमच्याकडे तो ताटात पण उतरायचा. नक्षलवाद्यांचा शहीद सप्ताह २८ जुलै ते ३ ऑगस्ट, म्हणजे ऐन रोवणीचे (भात लावायचे) दिवस, बस बंद, आठवडी बाजार बंद, खताचं पोतं आणायला जायची सोय नाही आणि पऱ्हे (धानाची रोपं) तर थांबत नाहीत. डिसेंबरात परत त्यांचा २ ते ८ तारखेचा सप्ताह, तेव्हा इकडे धान चुरून (मळून) विकायची वेळ. मोहफूल पहाटे अंधारातच वेचावं लागतं नाहीतर गायी-हरणं खाऊन जातात, पण अंधारात जंगलात दिसलेल्या माणसावर दोन्ही बाजूंचा संशय, म्हणून कितीतरी बाया उजाडेपर्यंत घरात बसून राहायच्या आणि मग उरलेलं वेचायच्या. रात्री कोणी बंदूक घेऊन आलं आणि भात मागितला की रांधून द्यायचा, सकाळी पोलीस विचारायला आले की घाबरत उत्तर द्यायचं. भात तोच, कोठीतला, लेकरांच्या वाट्याचा.

तरी घर चाललं ते कशावर? पावसाळ्यात सात्या (रानातल्या अळिंब्या), वास्ते (बांबूचे कोंब), तरोट्याची भाजी, थंडीत परसातल्या पोपटाच्या (वालाच्या) शेंगा, थोडं कोदो-कुटकी, सुकवलेले मासे. कोणती भाजी कधी निघते, कोणतं बियाणं कोणत्या मडक्यात ठेवायचं, हे बायांनाच माहीत. बियाण्याचं मडकं सांभाळणारी ती आणि कागदावर शेतकरी तिचा नवरा किंवा सासरा.

आमच्या गटातली एक बाई आहे, नाव लिहीत नाही. नवऱ्याला खबरी म्हणून मारलं, तेव्हा धाकटं पोरगं अंगावर पीत होतं. ती एकटी रोवणी करते, कापणी करते, पण सातबारा सासऱ्याच्या नावावर, त्यामुळे सरकारच्या आधारभूत खरेदी केंद्रावर धान द्यायचं तर नोंदणी दिराच्या मार्फत आणि पैसे त्याच्या खात्यात. दीर वाईट नाही हो, पण दरवेळी मागावे लागतात ना. कागद घेऊन ती चार वेळा गेली, दरवेळी एक कागद कमी पडला. म्हणून सरकारी भाव सोडून ती घरासमोर आलेल्या व्यापाऱ्याला कमी भावात पोती देऊन मोकळी होते आणि उन्हाळा लागला की मिरची तोडायला तेलंगणात जाते, लेकरं आजीपाशी.

आता कोणी म्हणेल कायदा नाही. आहे ना. वनहक्क कायदा २००६ सांगतो की लग्न झालेल्यांचा वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर. नियमात हेही आहे की ग्रामसभेला जमलेल्यांत एकतृतीयांश बाया पाहिजेत. लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे, नवऱ्याने अर्ज दिला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर, फुकट. अडचण आदिवासी विधवांची आणि मुलींची जास्त आहे कारण हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही आणि मग "आपल्या रीतीत बाईला जमीन नसते" म्हणून विषय संपवतात. पण जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडच्या गोंड कुटुंबाच्याच केसमध्ये सांगितलं की रीतीने बाईला मनाई आहे असं सिद्ध होत नसेल तर तिला बरोबरीचा वाटा द्या. आमच्या गावात हा निकाल कोणी वाचून दाखवला असेल असं मला वाटत नाही. आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख घरातली मोठी बाईच असते. रेशनचं धान्य घ्यायला ती प्रमुख, मग पिकवलेलं धान्य विकायला का नाही?

बायांच्या हातात दिलं की काय होतं ते आम्ही बघितलंय. कोरचीच्या महाग्रामसभेत, म्हणजे गावोगावच्या ग्रामसभांच्या एकत्र सभेत, प्रत्येक गावातून दोन पुरुष आणि दोन बाया जातात, हे बायांनी भांडून घेतलं. तेंदूपत्त्याच्या हिशोबाला बाई बसली की ती पहिलं विचारते की पावसाळ्याचं धान्य भरायला किती ठेवायचे. १९९३ ला जिल्ह्यात दारूबंदी झाली त्यामागे पण बायाच होत्या, त्यांना माहीत होतं घरातलं धान्य आणि पैसा कुठे जातो ते.

माझी मागणी मोठी नाही. जिथे माणूस मारला गेला, बेपत्ता झाला किंवा जेलमध्ये गेला ती घरं आधी घ्या, वारसनोंद आणि वनपट्ट्यात बाईचं नाव चढवा, धान नोंदणीत तिचं स्वतःचं खातं चालवा. अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा बायांसाठी अमृत आहार शिजतो त्याला लागणारा भाजीपाला आणि डाळ गावातल्याच गटाकडून घ्या, टेंडरवाल्याकडून नको. तलाठ्यांनी मृग लागायच्या आत साझ्यावर एकेक दिवस शिबिर लावलं तरी रोवणीपर्यंत पुष्कळ फेरफार (सातबाऱ्यावर नावाचे बदल) होतील. सुरुवात भामरागडपासून करा, कारण एकदा पर्लकोटा नदीला पूर आला की तिकडे तलाठी पण पोहोचत नाही.

आपली,
एक वाचक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली