परत पाठवताना चिठ्ठी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव आला की आमच्या कऱ्हाडात मंडळांची रक्तदान शिबिरं सुरू होतात. मंडळांकडे माझं एक मागणं आहे.

धाकट्या जाऊबाईंचं बाळंतपणात फार रक्त गेलं होतं. दोन पिशव्या चढवल्या. कुणी दिलेल्या, आजही ठाऊक नाही. म्हणून गेल्या गणपतीत मीही नाव दिलं. वय 38, वजन 52 किलो. वयाची 18 पूर्ण आणि वजन निदान 45 किलो लागतं, तेव्हा अडचण वाटली नाही. बोट टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. तो जरा खाली गेला, मग वर येऊन तरंगत राहिला. "ताई, तुमचं नाही चालणार." एवढंच. मागे रांग उभी होती, विचारायचा धीर झाला नाही. आपल्याला काही रोग तर निघाला नाही ना, या धास्तीत आठ दिवस शिलाई मशीनला हात लावला नाही.

दवाखान्यात गेले तेव्हा कळलं, हिमोग्लोबिन 10.9. रक्तदानाला 12.5 लागतं, बाईमाणसालाही तेवढंच. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्यांच्या आगेमागे चहा घेऊ नका म्हणाले. मे महिन्यात, कॉलेजं बंद असल्यानं रक्ताची टंचाई असते तेव्हा, पुन्हा गेले. थेंब सरळ तळाला गेला. तो बघतानाच डोळे भरून आले.

रक्तदाब बघितला, कावीळ, मलेरिया, चालू औषधं, पाळी, गोंदण, सगळं विचारलं. सुई जाड असते, शिरताना कळ येते, मग फक्त हातातला चेंडू दाबत पडायचं. 350 मिलीची पिशवी दहा मिनिटांच्या आत भरली. नंतर चहा-बिस्किट, थोडा वेळ आडवं. उपाशीपोटी मात्र जायचं नाही. हरतालिकेचा कडक उपास धरलेल्या बायकांनी त्या दिवशी रांगेत उभं राहू नये. बायकांना पुन्हा चार महिन्यांनी देता येतं, पुरुषांना तीन.

मागणं असं, की परत पाठवलेल्या प्रत्येकीला चिठ्ठी द्या: कारण काय, कुठे तपासायचं, पुन्हा कधी यायचं. माझ्याबरोबर गल्लीतल्या आणखी चौघी त्या दिवशी परतल्या होत्या. त्यांतल्या एकीला परवा मी दवाखान्यात नेलं. तिचं 8.6 निघालं. वर्षभर ती जिना चढताना धापा टाकत होती.

– शिवणकाम करणारी एक वाचक, कऱ्हाड