मनगटावरचे दोन थेंब

डॉक्टर ताई, नमस्कार. रोज एवढे पेशंट येतात, तुम्हाला आठवेल की नाही माहीत नाही. मागच्या मंगळवारी पारोळ्याहून एसटीने आलेली, पदर गच्च गुंडाळून कानावर हात दाबून बसलेली बाई, ती माझी आई. काल तिने दुधात कुस्करून का होईना पण भाकरी खाल्ली, ते बघून मला रडूच आलं, म्हणून हे लिहायला बसले.

दाढ काढली तेव्हा पहिले दोन दिवस बरे गेले, वाटलं सुटलो. तिसऱ्या रात्री जे ठणकायला लागलं ते दाढेतून कानात, कानातून डोक्यात, आणि तोंडाला असा वास की आई लाजून पदराआडून बोलायची. जिथे दाढ काढली तिथे फोन केला तर म्हणे दुखणारच, गोळी घ्या. परत घेऊन गेलो तर काउंटरवरूनच अजून एक गोळी लिहून दिली, आत घेतलंच नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. टॉर्च लावून एकदा तोंडात बघायचं, एवढंच मागत होतो ना आम्ही?

तुम्ही "काय व्हयनं माय?" विचारलं आणि आईने दोन दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. मला जवळ बोलावून दाखवलं, खड्ड्यात रक्ताची गुठळी असायला पाहिजे ती निघून गेलीय, खाली हाड उघडं पडलंय, याला ड्राय सॉकेट म्हणतात. मिसरी लावते का विचारलं तेव्हा आई गप्प. दाढ काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने मिसरी लावून चुळा भरल्या होत्या, तंबाखूने आणि जोरात थुंकण्याने गुठळी टिकत नाही हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही तिला एक शब्द रागावल्या नाहीत, फक्त म्हणालात, डबी या पोरीकडे दे.

आणि मग ते, जे मी विसरूच शकत नाही. सलाईनची बाटली तुम्ही कोमट पाण्यात ठेवली होती. सिरिंज भरली, ग्लोव्हजची कड जरा खाली सरकवली आणि दोन थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघितले, लहान बाळाचं दूध बघतात ना तसं. थोडं थांबून परत बघितलं. गार लागलं तर मायला मस्तकात कळ जाईल, म्हणालात. मग खड्डा धुतला, लवंगेच्या वासाचं औषध भरलं, आणि थोड्या वेळाने आईचा कानावरचा हात आपोआप खाली आला.

बाहेर दहा-बारा पेशंट ताटकळत होते, कोणी बघत नव्हतं, ते थेंब नसते टाकले तरी कोणी विचारलं नसतं. माणुसकी माणुसकी म्हणतात ती मला त्या मनगटावर दिसली ताई. परक्याच्या आईला एवढं जपणारी माणसं आहेत अजून.

तुमचा कागद फ्रिजवर चिकटवलाय. दाढ काढल्यावर पहिले 24 तास चूळ नाही, स्ट्रॉ नाही, नंतर हलक्या हाताने मिठाचं कोमट पाणी. दुखणं दिवसेंदिवस कमी व्हायला हवं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढलं तर गोळ्या खात बसायचं नाही, दाखवायचं. ताप, वाढती सूज, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वासाला त्रास, तर रात्र असली तरी निघायचं. शेजारच्या काकूंची दाढ काढायचीय, त्यांनी फोटो काढून नेला.

मिसरीची डबी अजून माझ्याकडेच आहे, आईने मागितली नाही. तुमच्यासाठी ती भाकरीला ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ दळून आणतेय, रविवारी येतो, नाही म्हणू नका.